टाळीच्या आधीचं

१

आमच्या प्रयोगशाळेत टाळी वाजवायचं काम माझ्याकडे होतं. हे सांगितलं की लोक हसायचे. एवढं शिकून टाळ्या वाजवतेस का, असं माझ्या ताईनेही विचारलं होतं. मी हसणाऱ्यांना हसू द्यायची, कारण त्या एका टाळीवाचून आमचं सगळं काम कवडीमोलाचं होतं आणि ती माझ्याइतकी नेमकी दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.

काम असं आहे. खोलीत एक खुर्ची असते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आम्ही बारीक चकत्या शिवलेली टोपी घालतो, ती मेंदूतली हालचाल टिपते. भिंतींवरचे कॅमेरे शरीराची हालचाल टिपतात आणि पडद्यावर माणसाच्या प्रत्येक सांध्यावर हिरवा ठिपका ठेवतात. आजवर मेंदूवाले मेंदू बघत आणि वागणुकीवाले वागणूक, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. आम्ही दोन्ही एकदम मोजतो. माणूस हात उचलतो त्याच्या किंचित आधी मेंदूत तयारीची एक लाट उठते. ती लाट आणि तो हात एकाच पडद्यावर बघायला मिळावेत म्हणून आमचा हा सगळा खटाटोप.

अडचण एवढीच की टोपीचं घड्याळ वेगळं आणि कॅमेऱ्यांचं वेगळं, आणि दोन घड्याळांचं कधी पटत नाही. म्हणून सुरुवातीला मी बसलेल्या माणसासमोर उभी राहायची, दोन्ही हात वर करायची आणि एकच खणखणीत टाळी वाजवायची. कॅमेऱ्याला माझे तळवे जुळलेले दिसायचे, आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूच्या रेषेत एक उंचवटा यायचा. हे दोन क्षण एकावर एक ठेवले की पुढचं सगळं जुळतं. टाळीच्या आधीचं मात्र कापून टाकायचं. ते भरवशाचं नसतं, आणि संगणक ते आपोआप पुसतो. हा नियम माझाच, आणि त्याचा मला अभिमान होता.

२

आमचं सगळं एका निधीवर चालतं. मेंदू आणि वागणूक एकत्र मोजणारी साधनं तयार करणाऱ्यांना तो मिळतो. तो संपत आला होता. पुढचा द्यायचा की नाही हे ठरवायला समिती येणार होती, आणि समितीला कागद नको होते, साधन चालताना बघायचं होतं. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, त्या काळात लिफ्टमध्येसुद्धा भाषणाचा सराव करत. मला भाषणाची चिंता नव्हती. माझी ताई त्या खुर्चीत बसणार होती, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

ताई शिंपीकाम करते. आई गेली तेव्हा मी फार लहान होते. मला ताईनेच वाढवलं, शिलाई मशीनच्या कमाईवर. मी सारखी तिच्या मागे मागे फिरायची म्हणून ती मला मुंगी म्हणायची. मी मोठी झाल्यावरही, चारचौघांत, सरांसमोरसुद्धा. आणि माझ्याशी बोलता बोलता तिचा हात माझ्या खांद्याकडे यायचा आणि तिथला नसलेला दोरा काढायचा. दिवसभर कापडात बसणाऱ्या बाईची ती सवय. मी तिला म्हणायची की अगं, मी कापड नाही. ती म्हणायची, गप्प उभी राहा.

काही वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरत होता. कात्री धरली की जास्तच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, सगळ्यांनी हात टेकले. दुकान चालू होतं, पण कापायचं काम ती दुसरीकडून करून घेत होती आणि ते तिच्या मनाला लागत होतं. तो कंप मेंदूतून उठतो की वाटेत कुठे, हे आमचं साधन दाखवू शकत होतं. ते कळलं की मनगटावर बांधायचा एक पट्टा मी तिच्यासाठी बनवणार होते. निधी बंद झाला असता तर खोली बंद, पट्टा बंद. म्हणजे समितीला काय हवं असेल ते असो, मला ताईचा हात हवा होता.

३

पहिली शंका गणित्याने काढली. तो आमचे आलेख तपासतो. त्याचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरात नाही.

टाळीनंतर मेंदूच्या रेषेत एक उंचवटा यायला हवा. त्याला दोन दिसत होते. पहिला माझ्या टाळीचा. मग जरा थांबून दुसरा, तसाच, तेवढाच.

मी म्हटलं, प्रतिध्वनी. भिंतींना स्पंज लावून घेतला. दुसरा उंचवटा तसाच राहिला. मायक्रोफोनमध्ये एकच टाळी होती, कॅमेऱ्यात एकच. मग मी टोपीवर संशय घेतला, कारण यंत्र माणसापेक्षा आधी चुकतं असं माझं मत आहे. टोपी तपासायची आमची एक पद्धत आहे, ती पाहुण्यांना दाखवत नाही. आम्ही ती कलिंगडाला घालतो. कलिंगडात पाणी असतं, साल असते, विचार नसतात. खुर्चीत उशी ठेवून त्यावर कलिंगड बसवलं, टोपी घातली, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून गंभीर चेहऱ्याने टाळी वाजवली. सर दारातून बघत होते. ते तिथूनच परत गेले.

कलिंगडाची रेष सपाट आली. म्हणजे टोपी ठीक होती. मग तीच टोपी सरांना घातली आणि त्यांच्या रेषेत दोन उंचवटे आले. माझ्या स्वतःच्या डोक्यात दोन. ताई आधी चाचण्यांना बसली होती, त्या जुन्या रेकॉर्डिंगांतही दोन, फक्त तेव्हा ते एकमेकांपासून लांब होते आणि आम्ही दुसऱ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. गणित्याने सगळी रेकॉर्डिंगं ओळीने मांडली. दर आठवड्याला दुसरा उंचवटा पहिल्याच्या जवळ सरकत होता.

गणित्या म्हणाला, "आपण टाळी कशाला वाजवतो? रेकॉर्डिंग जुळवायला. मग ही दुसरी टाळी कोण वाजवतंय, आणि कशाशी जुळवतंय?"

मी त्याला कॉफी प्यायला पाठवलं. उंचवटा सरकतो म्हणजे कुठल्या तरी घड्याळाची गती चुकते आहे, इतकं सरळ होतं ते. मग ती चूक कलिंगडात का नाही, असं त्याने दारातून वळून विचारलं. त्याचं उत्तर सापडेल याची मला खात्री होती. त्या दिवसापासून गणित्या काही त्या खुर्चीत बसला नाही. ती पुसायलाही तो कुणाला तरी सांगायचा.

४

समिती येण्याच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही उंचवटे एक झाले.

मी घड्याळांचं सगळं वायरिंग बदललं होतं. नंतरच्या पहिल्या चाचणीला खुर्चीत वॉचमन काका बसले. आमच्या इमारतीच्या दारावर ते माझ्याही आधीपासून आहेत, आणि चाचणीला माणूस कमी पडला की आपणहून यायचे. बसल्यावर माझी भूक मेंदूत कुठे दिसली तर सांगा हं, अशी चेष्टा करायचे. मी टाळी वाजवली. पडद्यावर एकच उंचवटा आला, नेहमीपेक्षा उंच, स्वच्छ. माझ्या जिवात जीव आला. मी गणित्याला म्हटलं की बघ, दुरुस्त झाली चूक.

"दुरुस्त झाली म्हणू नका," तो म्हणाला. "जुळली म्हणा."

काका उठले, टोपीखालचा ओला जेल रुमालाने पुसला आणि आभार मानून गेले. ते कधी आभार मानत नसत, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर त्यांनी मला अडवलं आणि ओळखपत्र मागितलं. मी हसले. ते हसले नाहीत. नम्रपणे हात पुढे करून उभे राहिले. मी पर्समधून ओळखपत्र काढलं, त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या मॅडम. कितव्या मजल्यावर जायचंय?"

मला राग आला. मग वाटलं, समिती येणार म्हणून सरांनी सगळ्यांना नियम पाळायला सांगितलं असेल. सरांना मी विचारणार होते, पण त्या दिवशी नाकी नऊ आले होते आणि ते राहून गेलं. एक गोष्ट मात्र मी केली. का केली ते मला नीट सांगता येत नाही. टाळीच्या आधीचं पुसायचं नाही, असं संगणकाला सांगून ठेवलं.

५

समितीत तिघं होते. दोघं गप्प, आणि तिसऱ्या अध्यक्षबाई. त्यांना सगळं कळत होतं, म्हणून मला त्या आवडल्या. खोलीच्या एका भिंतीला मोठी काच आहे; तिच्या अलीकडे त्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पलीकडे खोलीत ताई. सकाळचं छान ऊन होतं. ताईने स्वतः शिवलेला निळा कुडता घातला होता. टोपी घालताना ती पुटपुटली की मुंगे, केसांचं काय करून ठेवशील ते मला माहीत नाही. आणि माझ्या खांद्यावरचा दोरा काढला.

समोरच्या टेबलावर कापड आणि कात्री होती. कापडावर खडूची सरळ रेघ. टाळीच्या आधी तिने कात्री उचलून दाखवली, तेव्हा तिची पाती एकमेकांवर वाजत होती. अध्यक्षबाईंनी ते काचेतून बघितलं आणि मान हलवली. मला तिचं वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. परक्या माणसांसमोर असा हात दाखवायला धीर लागतो.

मी तिच्यासमोर उभी राहिले. हात वर केले. ती माझ्याकडे बघून हसली. मी टाळी वाजवली.

मग मी काचेअलीकडे आले. उंचवटा एकच होता, उंच आणि स्वच्छ. सर अध्यक्षबाईंना तो समजावून सांगत होते. ताईने कात्री उचलली आणि खडूच्या रेघेवरून कापड कापलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. पाती वाजली नाहीत. कापडाचे दोन तुकडे टेबलावर वेगळे झाले आणि तिने ते नीट घडी करून ठेवले. पडद्यावर तयारीची लाट आणि हात, लाट आणि हात, अगदी पुस्तकात काढतात तसे.

समितीतल्या गप्प माणसांपैकी एकाने तोंडात बोट घातलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे तुमच्या साधनाने झालं?"

सरांनी नाही म्हणायला हवं होतं. आमचं साधन मोजतं, बरं करत नाही. पट्टा तर अजून माझ्या खणात अर्धवट पडला होता. सर म्हणाले की प्राथमिक निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. ताईचा हात स्थिर होता. मला हेच हवं होतं.

मी टोपी काढायला आत गेले. तिच्या अंगावर वाकले, हनुवटीखालचा पट्टा सोडवायला लागले. तिचा हात उठला, माझ्या खांद्याकडे आला आणि त्याने तिथला दोरा काढला. मग ती दचकली. हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"माफ करा हं मॅडम," ती म्हणाली. "हात कसा गेला कोण जाणे."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकाशी बोलतानाचं हसू होतं. मी म्हटलं की ताई, चेष्टा पुरे, मी मुंगी. तिने पुन्हा माफी मागितली आणि विचारलं की झालं का, घरी कुणी वाट बघत असेल. कोण, असं मी विचारलं. ती विचार करत राहिली.

काचेपलीकडे पडदा चालूच होता. हाताची रेष वर गेलेली दिसत होती, माझ्या खांद्यापर्यंत आणि परत. तिच्या आधी मेंदूची रेष सपाट होती. लाट नव्हती. हात एकटाच आला होता.

अध्यक्षबाईंचे डोळे चमकले. त्यांनी कौतुकाने टाळी वाजवायला दोन्ही हात वर उचलले. मी धावत बाहेर आले आणि त्यांची मनगटं धरली. ते सगळ्यांना फार विचित्र दिसलं असणार. सर नंतर म्हणाले, कामाचा ताण. निधी मंजूर झाला.

६

डॉक्टरांना ताईच्या मेंदूत काही सापडलं नाही. ती चांगली झाली आहे, असंच सगळे म्हणतात. शिवणकाम येतं, हिशेब येतो, नवीन ओळखी लक्षात राहतात. एवढंच की त्या टाळीच्या आधीचं कुणीही माणूस तिला आठवत नाही. आई नाही, मी नाही. मी तिला माझ्या घरी आणलं. ती राहिली, कारण मी म्हटलं की आपण बहिणी आहोत आणि तिला मी खोटं बोलणारी वाटले नाही.

न पुसलेलं रेकॉर्डिंग मी भर दुपारी बघितलं. गणित्याला शेजारी बसवून घेतलं. तो आढेवेढे घेत आला, पण आला.

खुर्चीत ताई. तिच्या सांध्यांवर हिरवे ठिपके. समोर मी येते, माझ्यावर ठिपके. मी हात वर करते, माझ्या बोटांवर ठिपके, दोन छोटे झुबके, मध्ये हवा. मग, टाळीच्या जरा आधी, ताईच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन झुबके उमटले. तसेच छोटे. बोटांचे. एक डाव्या कानाजवळ, एक उजव्या. मध्ये ताईचं डोकं.

मी हात जोडायला लागते, तसे तेही आत सरकायला लागतात.

मी तिथेच थांबवलं. गणित्या म्हणाला की पुढे बघू नका, आणि मी बघितलं नाही. काचेतलं प्रतिबिंब असू शकतं. असं मी त्याला मोठ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं की नुसतं प्रतिबिंबच असेल तर मग काच झाकून का घेतलीत.

७

टाळी मी बंद केली. आता खोलीत एक दिवा आहे. बटण दाबलं की तो क्षणभर पेटतो, कॅमेऱ्याला दिसतो, बघणाऱ्याच्या मेंदूतही दिसतो. टाळीइतकाच नेमका. असा दिवा आधीच का लावला नाही, असं समितीने विचारलं तर मी काय सांगेन ते मला माहीत नाही.

काम मात्र चालूच आहे, कारण मी हात टेकलेले नाहीत. ताईचं सगळं गेलेलं नाही, हे मी स्वतः पडद्यावर बघितलं होतं. डोक्याला मी आठवत नाही, पण हाताला आठवते. डोकं काही म्हणायच्या आत हात माझ्या खांद्यापर्यंत येतो. तो कुठून येतो ते शोधायचं आणि त्या वाटेने मागे जायचं. असं काम करणारं साधन दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडे आहे. पुढची काही वर्षं खोलीही माझ्याकडे आहे.

घरात रोज सकाळी मी मुद्दाम खांद्यावर एक दोरा ठेवायची. निळा, तिच्याच रिळाचा. ताई चहा ओतता ओतता माझ्याशी बोलायची, अहो-जाहो करून. मग तिचा हात यायचा, दोरा काढायचा, आणि ती ओशाळून माफी मागायची. असू दे, मी म्हणायची. दिवसभर मला ते पुरायचं.

काल मी तिला खुर्चीत बसवलं. घाई केली नाही. कलिंगड बसवून बघितलं, मग मी स्वतः बसले. दिव्याला माझ्या रेषेत एकच उंचवटा आला, जागच्या जागी. काच झाकलेली होती, गणित्या पडद्याशी होता, आणि टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं. ताई म्हणाली, तुम्ही सांगाल तसं. माझ्या खांद्यावर दोरा होता. ठरलं होतं की मी तिच्यासमोर बसून बोलत राहायचं आणि हात आला की त्याची वाट टिपायची.

दिवा पेटला आणि विझला. मी बोलायला लागले. तिचं दुकान, तिचं मशीन, पावसात भिजलेली कापडं आम्ही दोघींनी इस्त्रीने वाळवली होती ती संध्याकाळ. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिचा हात मांडीवरून उठला. माझ्याकडे येऊ लागला.

तेवढ्यात बाहेरून गणित्याने काचेवर बोटं आपटली. मला नंतर पडद्यावर दिसलं की दिव्याच्या उंचवट्यानंतर बराच वेळ रेष शांत होती, आणि मग त्या क्षणी, कुणीही काही वाजवलेलं नसताना, तिथे एक उंचवटा होता. उंच आणि स्वच्छ.

ताईचा हात अर्ध्या वाटेत थांबला. ती त्या हाताकडे बघत राहिली, जणू तो कुणीतरी तिथे विसरून गेलं होतं. मग तिने तो खाली घेतला आणि दुसऱ्या हाताखाली ठेवला.

मी बोलत राहिले. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, हे रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी खांदा थोडा पुढे केला.

ताईने तो दोरा बघितला. माझ्याकडे बघून ती छान हसली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या खांद्यावर दोरा आहे."